लाइनदोरी

आदिलाबादकडची मराठी बाटलेली आहे, असे आपल्या शहरातल्या चार सुशिक्षित मराठी माणसांत कोणी म्हटले की बाकीच्यांच्या माना आपोआप डोलतात. तिकडच्या बोलीत उर्दू पहिल्यापासून होतीच, मागाहून तेलुगू आली, आता इंग्रजी आली. मग मराठी अशी राहिली किती, असा एकंदर सूर असतो. प्रस्तुत लेखकाची मानही आजवर त्यांतच डोलत आलेली आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात इचोड्यास दोन दिवस राहण्याचा योग आला, आणि एका साध्या इंग्रजी शब्दाने ती मान जागच्या जागी थांबवली. तो शब्द म्हणजे ‘लाइन’.

इचोडा हैदराबादहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, निर्मलचा घाट चढून गेल्यावर, आदिलाबादच्या अलीकडे लागते. मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी आणि लमाणी अशा पाच भाषा तेथे चहाच्या एकाच टपरीवर ऐकू येतात, आणि कोणत्या वाक्यात कोणती भाषा कोठे संपली याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. माझे यजमान निवृत्त शिक्षक. संध्याकाळी ते मला अशाच एका टपरीवर घेऊन गेले. बसतो न बसतो तोच दिवे गेले आणि टपरीवाला म्हणाला, “लाइन गेली जी.” शेजारी एक ट्रकवाला ‘नागपूर लाइनला’ आपण किती वर्षे आहोत ते सांगत होता. तिसरा फोन कानाला लावून ‘लाइन लागत नाही’ म्हणून कुरकुरत होता. एका आजीबाईंचा नातू ‘आता लाइनीवर आला’ होता. आदिलाबादच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची ‘लाइन’ गेल्या हंगामात किती लांब लागली होती, यावर दोघांचा वाद चालला होता. कोपऱ्यात दोन तरुण तिसऱ्याविषयी काही कुजबुजत होते. त्यांतही हाच शब्द होता, पण त्याचा तो अर्थ वाचकांस ठाऊक आहेच.

मी मास्तरांना म्हटले, “पाहा, एका शब्दाने तुमच्या मराठीचे सहा शब्द खाल्ले.” मास्तर हसले आणि म्हणाले, “उद्या शेतावर चला. मग कोणाचे किती खाल्ले ते बघू.”

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी या शब्दाच्या कुळाचा विचार करीत होतो. कूळ मोठे मौजेचे आहे. लॅटिनमध्ये ‘लीनुम’ म्हणजे जवस. आपण ज्याची चटणी करतो आणि ज्याचे तेल रंगात घालतो, तेच हे झाड. त्याच्या बियांचे आपल्याला अगत्य. युरोपाला त्याच्या देठातल्या तंतूंचे. त्या तंतूंचे कापड ते लिनन आणि त्या तंतूंची दोरी ती ‘लीनेआ’. दोरी ताणली की ती सरळ होते, म्हणून पुढे ‘लीनेआ’ म्हणजे सरळ रेघ झाली. इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी पोहोचला. एकदा फार जुन्या काळी, दोर या अर्थाने. आणि पुन्हा फ्रेंचांच्या तोंडून, रेघ आणि वंश या अर्थांनी. दोन्ही एकमेकांत मिसळले. आजही कोळ्याच्या गळाची दोरी लाइन, धुणे वाळत घालायची दोरी लाइन, आणि भूमितीतली, जिला जाडी नाही अशी कल्पनेतली रेघ, तीही लाइनच.

जवसाचे गणगोत येथेच संपत नाही. आपला शिंपी कोटाला ‘लायनिंग’ लावतो ते मुळात आतून लावलेले लिननचे कापड. आपल्याकडे त्याला फारसीतून आलेला ‘अस्तर’ हा सुरेख शब्द आहे आणि तो अजून जिवंत आहे. सरकारी कचेऱ्यांच्या जमिनीवर अंथरले जाई ते लिनोलियम म्हणजे जवसाच्या तेलाचा थर. एवढेच नव्हे, तर कचेरीतली ‘फाइल’ ही लाइनीची मावसबहीण होय. तिचे मूळ दुसऱ्या एका लॅटिन शब्दात, ‘फीलुम’मध्ये, त्याचाही अर्थ धागा. कागद धाग्यात ओवून ठेवीत म्हणून ती फाइल. आणि महाराष्ट्र सरकारने फाइलीला ‘नस्ती’ म्हटले तेव्हा आपल्या पत्रांतून काय थट्टा झाली! पण नस्ती म्हणजे तरी काय? कागदांच्या नाकात घातलेली दोरी. नथ आणि नस्ती एकाच कुळातल्या. थट्टा करणाऱ्यांनी एकदा आरशात घरच्या मंडळींच्या नाकाकडे पाहिले असते तर बरे झाले असते.

आता आपल्याकडचे पाहू. रेघ, रेष आणि रेखा ही एकाच आईची लेकरे. त्यांचे मूळ ओरखडण्यात आहे. संस्कृतात ‘र’ आणि ‘ल’ यांचा फार घरोबा, म्हणून ‘रेखा’ला ‘लेखा’ ही जुळी बहीण आहे आणि लेख, लेखणी, लेखक ही सारी त्याच घरची. म्हणजे आपल्या पूर्वजांनी रेघ ओढली ती टोकदार काडीने मातीवर वा पानावर. रोमनांनी ती दोरीने आखली. अरबांचा ‘खत’ पाहिला तर तो ओरखड्याच्या बाजूचा. खत म्हणजे रेघ, आणि खत म्हणजे लिखाणही. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली आपल्या शहरात भाषांतराचे खाते उघडले आणि सारे शास्त्र उर्दूतून शिकवण्याचा तो मोठा प्रयोग झाला. त्या काळी भूमिती शिकलेली मंडळी सरळ रेषेला ‘खत-ए-मुस्तकीम’ म्हणत. आपले खरेदीखत आणि फारखत यांतले ‘खत’ हेच. शेतात पडते ते निराळे. तेव्हा घराच्या खरेदीखतावर सही करणारा मराठी माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, एका अरबी रेघेवर सही करीत असतो. ही रेघ कोणाला बाटलेली वाटत नाही.

ओळ मात्र रेघेहून वेगळी. ‘आवलि’ या शब्दापासून ती निघाली. दिव्यांच्या आवलीची दिवाळी झाली आणि सुट्या आवलीची ओळ. रेघ एकसंध असते. ओळीत अनेक सुटे जीव शेजारी शेजारी असतात. शिंपी आळी, तांबट आळी यांतली ‘आळी’ ही ओळीचीच जवळची नातलग. रांग ही उभ्या माणसांची, पाठीला पोट लावून वाट पाहणारी. बसलेल्या माणसांची ती पंगत. ती ‘पंक्ती’पासून आली आणि पंक्तीचे मूळ ‘पाच’ या आकड्यात आहे. आधी पाचांचा गट, मग कितीही जणांची ओळ. आणि पंगतीत एकाला तूप अधिक, दुसऱ्याला कमी वाढले तर तो पंक्तिप्रपंच! ‘लाइन’ शब्दातून पंक्तिप्रपंच करून दाखवावा, असे माझे इंग्रजीच्या अभिमान्यांना आव्हान आहे. इंग्रजांनाही रांगेसाठी लाइन पुरली नाही. त्यांनी फ्रेंचांकडून ‘क्यू’ घेतला, आणि क्यू म्हणजे शेपूट. लांबलेल्या रांगेला मारुतीच्या शेपटीची उपमा आपण देतो, ती त्यांनी शब्दातच घालून ठेवली.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेताकडे निघालो तो वाटेत एका घराचा पाया आखण्याचे काम चालले होते. गवंडी तेलुगू बोलणारा, हाताखालचा मराठी, घराचा मालक उर्दूतून सूचना देत होता. चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून त्यांना दोरी ताणली होती. हाताखालच्याला मी विचारले, “याला काय म्हणता?” तो म्हणाला, “लाइनदोरी.”

मी क्षणभर थबकलो. आधल्या रात्रीचा सारा विचार त्या खुंट्यांवर ताणून ठेवलेला होता. लाइन म्हणजे दोरी. म्हणजे हा मनुष्य नकळत ‘दोरीदोरी’ म्हणत होता. दोन खंडांनी एकाच वस्तूला दिलेली दोन नावे एका गाठीने बांधून तो कामाला लागला होता. आणि भिंत उभी सरळ आहे की नाही हे कशाने पाहता, असे विचारताच त्याने खिशातून वजन बांधलेली दोरी काढली आणि म्हणाला, “ओळंब्यानं.” ओळंबा म्हणजे अवलंब, लोंबता. तेथे लाइन शिरली नव्हती. शिरण्याची गरजच नव्हती.

दारे-खिडक्या करणारा सुतार जवळच होता. ‘सुतार’ हा शब्द सूत्रधाराचा. सूत धरणारा तो सुतार. गेरूत बुडवलेले सूत लाकडावर ताणून टिचकी मारली की रेघ उमटते. तीवरून करवत चालते. नाटकातला सूत्रधारही या सुताराचाच नातलग. आणि ज्या ग्रंथांपुढे आपण नम्र होतो ती पाणिनीची वा बादरायणाची सूत्रे, तीही मुळात सुतेच. आधी धागा, मग रेघ, मग नियम. जवसाच्या दोरीने रोमनांनी जो प्रवास केला तोच आपण सुताने केला होता. लोखंडी सळईच्या जाडीसाठी आपले व्यापारी अजून ‘तीन सूत’, ‘चार सूत’ म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा लाइन हा शब्द परका खरा, परंतु तो दारात आला तेव्हा घरातले सूत त्याला ओळखीचे निघाले.

येथे एक भेद मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्रजीत माणूस नीट वागला की तो ‘लाइनीवर’ येतो. त्यांच्या लेखी नीटपणा सरळ असतो. मराठीत चांगल्या मुलाला वळण असते. अक्षराला वळण, पाण्याला वळण, पोराला वळण. आपल्याला चांगुलपणा थोडा वाकवून घडवावा लागतो. ‘सुतासारखा सरळ’ आपणही म्हणतो, पण ते कोणाला? ज्याला कोणीतरी चांगला चोप दिला आहे त्याला. वळण आईबापांनी लावायचे आणि सुतासारखा सरळ फौजदाराने करायचा! टपरीवरच्या आजीबाईंचा नातू ‘लाइनीवर’ आला तो या दोहोंपैकी कोणत्या वाटेने, हे त्या शब्दावरून कळायला मार्ग नाही. ‘वळणावर आला’ म्हटले असते तर कळले असते. शब्द गेला की एवढी माहिती त्याबरोबर जाते.

शेतावर पोहोचलो. मास्तरांचे मेहुणे बांधावर भेटले. मी शहरी शिष्टाचाराने विचारले, “यंदा काय पेरले?” ते म्हणाले, “सहा तास पऱ्हाटी, एक तास तूर.” मी मनात म्हटले, सात तासांत पेरणी उरकली, बरेच चपळ गृहस्थ आहेत, आणि तसे तोंडाने बोलूनही दाखवले. यावर दोघे मेहुणे असे हसले की बांधावरचे बगळे उडाले. तास म्हणजे शेतातली पिकाची ओळ. कपाशीची सहा तासे, मग तुरीचे एक. जिला मी आयुष्यभर घड्याळात पाहत आलो ती वस्तू काळ्या जमिनीवर बांधापासून बांधापर्यंत पसरली होती. माझ्या शब्दसंग्रहात तिच्यासाठी ‘कपाशीची लाइन’ याहून अधिक काही नव्हते.

मास्तरांनी तेवढ्यात हिशेब पुरा केला. “काल रात्री लाइन गेली म्हणालो, विजेच्या तारेला आमच्या बापजाद्यांनी नाव ठेवलं नव्हतं, कारण तार नव्हती. रस्त्याची लाइन, फोनची लाइन, सगळं तसंच. आम्ही जे नव्हतं ते घेतलं. तुम्ही हैदराबादेत जे होतं ते टाकून घेता.” हे बोलणे मला लागले, पण उत्तर सुचले नाही. आपल्या घरांतली मुले वहीत ‘लाइन मारतात’, कवितेची ‘पहिली लाइन’ म्हणतात, शाळेत ‘लाइनीत’ उभी राहतात आणि लग्नात जेवायलाही ‘लाइनीत’ उभी राहतात. रेघ, ओळ, रांग, पंगत. चार शब्द, आणि चारही तारेसारखे नवीन नव्हेत. वाडीहून सिकंदराबादेस १८७४ साली आगगाडी आली, तिच्याबरोबर ‘रेल्वेलाइन’ आली, तो त्या शब्दाचा हक्काचा प्रवेश होता. वहीतल्या रेघेपर्यंत त्याला आत कोणी घेतले? इचोड्याने नव्हे.

उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. शब्द घेऊच नयेत, असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. ‘हेडलाइन’ला ‘ठळक मथळा’ म्हणावे, ते चांगलेच आहे. पण ‘ऑनलाइन’ला प्रतिशब्द शोधून कोणी बसला तर तो शोधीपर्यंत त्याचा अर्ज भरण्याची मुदत टळेल. ‘डेडलाइन’ मात्र मला आवडत नाही, आणि संपादकांच्या तोंडून तर मुळीच नाही. १८६४ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या बंदिछावणीत एक हद्द आखलेली होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घाली. तिचे नाव डेडलाइन. आपली ‘मुदत’ त्या मानाने कितीतरी दयाळू आहे. ती वाढवून मिळते.

राहता राहिली ती रेघ, जिच्यामुळे आपण शहरातली माणसे इचोड्याच्या मराठीला परकी मानू लागलो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या जागी उभ्या असलेल्या राज्याचे तीन तुकडे झाले. आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्याकडे गेले. नांदेडच्या मुधोळकडचा भाग इकडे आला. इचोडा बोथच्या बाजूचे, ते आंध्रात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. भाषेच्या नावाने रेघ ओढली खरी. पण भाषा काही रेघेसारखी नसते. ती तासासारखी असते, सहा तास एकीची, एक तास दुसरीचे. आदिलाबादच्या उत्तरेस ही सीमा बऱ्याच अंतरापर्यंत पैनगंगेच्या पात्रातून जाते. काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही आणि पाण्यावरची टिकत नाही, असे आपण म्हणतो. ही एकच रेघ अशी की नकाशात काळ्या दगडावरची आहे आणि जागेवर जाऊन पाहावे तर पाण्यावरची. पूर्वेकडे डोंगरात, जिवती तालुक्याच्या बाजूला, तर ती अजून पक्की झालेली नाही. चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. एकाच वस्तीत दोन्हींच्या शाळा, एकाच घरात दोन्हींची शिधापत्रिका. तेथल्या मुलाला ‘तू कोणत्या लाइनीतला’ असे विचारणाऱ्याने आधी कोणत्या भाषेत विचारायचे ते ठरवावे.

या मुलखात मराठी एकटी कधीच नव्हती, आणि तिने इतरांना दिलेलेही पुष्कळ आहे. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास गोंडांची स्थिती पाहण्यास धाडले. पुढे १९४३ मध्ये मार्लवाईस गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, तेव्हा गोंडी वाचनपाठांसाठी लिपी घेतली ती नागरी, कारण मराठीमुळे ती या भागात परिचयाची होती. पुढे याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी गोंडीची स्वतःची जुनी लिपी हस्तलिखितांत सापडली आणि २०१८ साली तिला संगणकाच्या जागतिक लिपिसंचात जागा मिळाली, ही फार आनंदाची गोष्ट. इचोड्याच्या पाट्या वाचताना मला उगाच वाटले की आपली नागरी तेवढी रेघेला लोंबणारी. शेजारी तेलुगू अक्षरे कशी आपापल्या पायांवर गोल उभी आहेत! मोडी लिहिणारा कारकून तर आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगी. धुण्याची दोरी आधी, कपडे मागाहून.

परतीच्या दिवशी सकाळी मास्तरांची नात ओसरीवर मराठीचे पुस्तक मोठ्याने वाचीत बसली होती. मध्येच अडखळली. मी सवयीने विचारले, “बाळ, कितव्या लाइनीवर अडलीस?”

तिने पुस्तकावर बोट ठेवले आणि माझ्याकडे न पाहताच सांगितले, “चौथ्या ओळीवर, आजोबा.”